'दोन तासांचाच तर प्रवास आहे'

एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: 'गर्भपात कायदेशीर आहे तिथे खेड्यातल्या बायकांना सेवा मिळत नाही, ही नुसती ओरड आहे. शहर दोन-तीन तासांवर असतं. जिला खरंच गरज आहे ती जातेच. हे काम मोठ्या हॉस्पिटलातच सुरक्षित. गावोगावी सोय केली तर गर्भपात तेवढे वाढतील. आणि आता गोळ्या आल्यात, मग अडचण कसली?'

वाचताना हे समंजस माणसाचं बोलणं वाटतं. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य सुटं करून बघू.

'कायदेशीर आहे, म्हणजे मिळतं.' कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली गर्भपातावरचा फौजदारी कायदा रद्द केला. तरीही प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतात जानेवारी 2017 पर्यंत गर्भपाताची सेवा नव्हती. बेट सोडून दुसऱ्या प्रांतात जा, नाहीतर बसा, असं सुमारे 29 वर्षं चाललं. इटलीत 1978 पासून कायदा आहे, पण तोच कायदा डॉक्टरला सद्सद्विवेकाच्या कारणाने नकार द्यायची मुभा देतो आणि तिथले 60 टक्क्यांहून अधिक स्त्रीरोगतज्ज्ञ ती वापरतात. भारतात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, तरी नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आहेतच. शहरात एकाने नाही म्हटलं तर पुढच्या चौकात दुसरा डॉक्टर सापडतो. जिथे मुळात एकच डॉक्टर आहे, तिथे त्याचं 'नाही' हाच कायदा होऊन बसतो.

'दोन-तीन तासांचा तर प्रवास.' हे लिहिणाऱ्याने बहुधा स्वतःच्या गाडीचे तास मोजलेत. दिवसातून दोनदा येणाऱ्या बसचे तास वेगळे असतात. त्यात बुडालेली मजुरी धरा, मुलांना कुणाकडे ठेवायचं ते धरा, आणि दिवसभर कुठे होतीस या प्रश्नाचं तयार ठेवावं लागणारं उत्तरही धरा. शिवाय एका खेपेत काम होईल याची खात्री नसते. आयर्लंडमध्ये सार्वमतानंतर 2019 पासून सेवा सुरू झाली, पण पहिल्या भेटीनंतर तीन दिवस थांबायची अट कायद्यातच आहे. दवाखान्याशेजारी राहणारीला ते तीन दिवस म्हणजे नुसती वाट पाहणं. लांबून येणारीला दुसरी खेप.

पण खरी गोम तासांत नाही, आठवड्यांत आहे. पाळी अनियमित असेल तर दिवस राहिल्याचं कळेपर्यंत सहा-सात आठवडे सहज उलटतात. पैसे जमवायला एक आठवडा, भेटीची वेळ मिळायला आणखी एक. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांवर भागतं आणि ते घरीही करता येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरी गोळ्या घेण्याची मुदत दहा आठवड्यांपर्यंत आहे. ती टळली की दवाखान्यात जावं लागतं, आणखी उशीर झाला की मोठं हॉस्पिटल लागतं, आणि त्याही पुढे अनेक देशांत कायद्याची मुदतच संपते. प्रत्येक टप्प्याला हे काम करणाऱ्या जागा कमी होत जातात आणि दूर जातात. म्हणजे अंतरामुळे उशीर होतो आणि उशिरामुळे अंतर वाढतं. या चक्रात अडकलेल्या बाईला 'आधी का नाही आलीस?' असं विचारणारे लोक पुन्हा वर शहाणे ठरतात.

'जिला गरज आहे ती जातेच.' हे खरं की खोटं ते तपासून झालेलं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2013 साली असा कायदा केला, की गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जवळच्या हॉस्पिटलात रुग्ण भरती करण्याचा अधिकार असलाच पाहिजे. जवळपास निम्मी क्लिनिक बंद पडली. संशोधकांनी 2012 आणि 2014 ची तुलना केली. ज्या काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) क्लिनिकचं अंतर बदललं नाही, तिथे गर्भपातांची संख्या 1.3 टक्क्यांनी घटली. जिथे ते 160 किलोमीटर किंवा अधिक वाढलं, तिथे 50.3 टक्क्यांनी. काही जणी दुसऱ्या राज्यात गेल्या असतील, काहींनी आपलं आपण काहीतरी केलं असेल. पण अंतर वाढलं म्हणून निम्म्या बायकांची गरज संपली, असं म्हणायला फारच भाबडेपणा लागतो.

त्या कायद्याचं समर्थनही 'बायकांच्या सुरक्षिततेसाठी' असंच केलं गेलं होतं. 2016 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी रद्द केल्या, कारण त्यांनी अडथळा वाढत होता, सुरक्षितता नाही.

'मोठ्या हॉस्पिटलातच सुरक्षित.' यात एक खरा धागा आहे, तो आधी मान्य करतो. गर्भ पिशवीबाहेर राहिला असेल, बरेच आठवडे झाले असतील, रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर हॉस्पिटल लागतंच. पण सुरुवातीच्या आठवड्यांचं काम तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताच्या गोळ्यांची जोडी 2005 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि 2019 साली 'वैद्यकीय देखरेखीखालीच' ही अट काढली. संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनानुसार प्रशिक्षित नर्स आणि मिडवाइफ (प्रसूतीचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रसाविका) हे काम करू शकतात. नेपाळात हे करून पाहिलं गेलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या प्रशिक्षित नर्सेस आणि सहायक प्रसाविकांनी गोळ्यांनी केलेले गर्भपात डॉक्टरांइतकेच सुरक्षित ठरले. गोळ्यांनी भागलं नाही तर हाताने ओढायच्या सिरिंजने पिशवी रिकामी करता येते. तिला वीजही लागत नाही. आपोआप झालेला गर्भपात अर्धवट राहिला तरी हीच सिरिंज वापरतात, त्यामुळे हे कौशल्य गावाजवळ असणं मूल हवं असलेल्या बाईच्याही कामाचं आहे.

'सोय केली तर वाढतील.' नोंदीतले वाढतील, हो. आधी ते नोंदीत नव्हते. जगातले सुमारे 45 टक्के गर्भपात असुरक्षित पद्धतीने होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सोय नव्हती म्हणून ते थांबले नाहीत.

'गोळ्या आल्यात, मग अडचण कसली?' उरलेल्या मुद्द्यांपेक्षा हा बरा आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे. 2020 साली ब्रिटनने फोनवर सल्ला आणि घरपोच गोळ्या सुरू केल्या. इंग्लंड आणि वेल्समधल्या 52 हजारांहून अधिक गर्भपातांच्या अभ्यासात वाट पाहण्याचा सरासरी काळ 10.7 दिवसांवरून 6.5 दिवसांवर आलेला दिसला आणि सुरक्षितता तेवढीच राहिली. पण तिथे गोळीसोबत विचारपूस करून सल्ला देणारं माणूस होतं आणि अडलं तर फोन उचलणारंही कुणीतरी होतं.

आता भारताकडे बघा. 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले असा अंदाज आहे. त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे गोळी पोचली आहे. किती आठवड्यांपर्यंत घ्यायची, दोन गोळ्यांत किती वेळ जाऊ द्यायचा, किती रक्त जाणं नेहमीचं, हे सांगणारं कुणी तिच्या बरोबरीने पोचलंय का, हा प्रश्न राहतो. फोनवर विचारावं तर अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो तिच्या हातात नसतो.

धोक्याची खूण तशी सोपी आहे: सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. ते दोन तास घरात मोजून झाल्यावर मग 'दोन तासांचाच तर प्रवास' सुरू होतो.