प्रेत, प्रेम आणि प्रॉम: होतकरू निर्मात्यास चार शब्द

ज्यांना चित्रपट काढायचा आहे, पण कथा, पैसा आणि नट यांपैकी काहीच हाताशी नाही, त्यांनी निराश होऊ नये. अशांसाठीच शाळकरी मुलामुलींच्या झोंबी-प्रेमविनोदपटाची सोय झालेली आहे; झोंबी म्हणजे मेल्यावर उठून माणसे खात फिरणारे प्रेत. या प्रकारात प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्या अपेक्षा सोडून देतो, निम्म्या पात्रांनी अभिनय करू नये अशी कथेचीच अट असते, आणि एखादा संवाद फसलाच तर तो मुद्दाम फसवला होता असे म्हणण्याची मुभा ‘विनोदी’ या एका विशेषणाने आधीच मिळवून ठेवलेली असते. इतकी निर्धोक कला शोधूनही सापडणार नाही.

पैशांची चिंता पूर्वसूरींनी मिटवलेली आहे. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात चित्रित केला, तेव्हा एकूण खर्च सव्वा लाख डॉलरच्या आतच राहिला. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप खपून गेले, आणि त्याच सिरपात माखलेले भाजके डुकराचे मांस मुडद्यांनी माणसाचे म्हणून मिटक्या मारत खाल्ले. तुमच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. वितरकांनी चित्रपटाचे नाव बदलले, नव्या नामपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणून तुमच्या नायिकेच्या घरात टीव्ही असावा आणि त्यावर नेमका हाच चित्रपट लागलेला असावा. दोन मिनिटांची पटकथा फुकटात भरून निघते, आणि समीक्षक त्याला ‘आदरांजली’ म्हणतात.

एखाद्या नटाने मानधनाचा विषय काढलाच, तर त्याला ब्रिटनच्या मार्क प्राइस यांचे उदाहरण ऐकवावे. त्यांचा २००८ सालचा ‘कॉलिन’ हा झोंबीपट ४५ पौंडांत झाल्याचे जगजाहीर आहे, आणि पुढच्याच वर्षी तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने भरणाऱ्या चित्रपटांच्या बाजारात जाऊन पोहोचला. दिग्दर्शक आणि त्याचे मित्र महिनोन्महिने विनामोबदला राबले, या भागावर फार रेंगाळू नये. त्या ४५ पौंडांत एक पहार, थोड्या टेप आणि चहा-कॉफी एवढे सगळे बसले होते. चहा मिळाला होता, ही बाबही नटापासून लपवलेली बरी.

रंगीत चित्रपटाला मात्र चॉकलेट चालत नाही. मक्याचे सिरप, लाल खाद्यरंग आणि रंग फारच भडक वाटला तर चिमूटभर कोको, एवढ्यात रक्त तयार होते. हे रक्त नीट वाळत नाही, नुसते चिकटते; दोन दृश्यांच्या मधल्या वेळात मुंग्या त्याचा माग काढतात, आणि नायक मेलेला असल्यामुळे त्याला कॅमेऱ्यासमोर अंग खाजवताही येत नाही. चेहऱ्यावर द्रव लॅटेक्स (म्हणजे पातळ रबर) आणि टिश्यू पेपर यांचे आळीपाळीने थर द्यावेत, वाळल्यावर मधोमध फाडावे आणि फटीत लाल-काळा रंग भरावा. अशी जखम दुपारपर्यंत छान टिकते. अडचण येते ती चुंबनाच्या प्रसंगाला. घामाने आणि श्वासाच्या वाफेने ओठांजवळची कड सुटते, आणि नायिकेने मान मागे घेतली की नायकाच्या गालाचा तुकडा तिच्या नाकाला लोंबत राहतो. हा भाग संकलकाला कापू देऊ नये. प्रेक्षक खरोखर हसेल अशी चित्रपटातली ती एकमेव जागा असू शकते. पांढऱ्या काँटॅक्ट लेन्स घातल्यास नटाला समोरचे धड दिसत नाही, तो हात पुढे करून चाचपडत चालू लागतो, आणि झोंबीची चाल शिकवणाऱ्याचे पैसे वाचतात. हेही परवडत नसेल, तर डिस्ने वाहिनीवरच्या २०१८ सालच्या ‘झोंबीज’चा आदर्श ठेवावा: केस हिरवे, मनगटावर पट्टा, बाकी मुलगा नाकीडोळी नीटस.

सतरा वर्षांच्या भूमिकेसाठी सव्वीस वर्षांचे नट घ्यावेत. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालच्या कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आहे आणि त्यांच्या शिक्षणाचीही सोय पाहावी लागते; तुमच्या चित्रपटात शिक्षणाचा संबंध फक्त शाळेच्या व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटांपुरता असल्यामुळे तो खर्च अनाठायी ठरेल. कथा अमेरिकेतल्या हायस्कुलातच ठेवावी, कारण तिथे प्रॉम नावाचा नाचाचा समारंभ असतो आणि त्याला कोणाबरोबर जायचे हा प्रश्न जीवन-मरणाहून मोठा समजला जातो. आपल्याकडे हे रोप रुजणार नाही. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’तला (२०२२) अभियंता नायक लग्न झालेला आहे आणि त्याची बायको गरोदर आहे, यात मोठे शहाणपण आहे. मराठी घराच्या दारात मेलेला मुलगा मागणी घालायला आला, तर तो मेलेला आहे हे एक वेळ पोटात घातले जाईल. पण त्याच्या जातीची चौकशी सुटणार नाही, आणि तेवढ्यात मध्यंतर होऊन जाईल.

आता गाभ्याकडे वळू. मरणार कोण, मुलगा की मुलगी, हे तुम्हांला सर्वांत आधी ठरवावे लागेल, कारण एकदा ते ठरले की उरलेली पटकथा आपोआप लिहून होते.

मुलगा मेला तर मेलेपण हा त्याचा लाजरा स्वभाव समजावा. तो बोलत नाही, म्हणजे खोल आहे. रोखून बघत राहतो, म्हणजे प्रामाणिक आहे. आंघोळ करत नाही, पण ते जिवंत मुलांबाबतही खात्रीने सांगता येत नाही. बॉब बलाबन यांच्या १९९३ सालच्या ‘माय बॉयफ्रेंड्स बॅक’मध्ये गोळी लागून मरता मरता मुलगा आवडत्या मुलीला प्रॉमला येशील का असे विचारतो, मरणाऱ्याचे मन कशाला मोडा म्हणून ती होकार देते, आणि तो दिलेल्या शब्दाची वसुली करायला थडग्यातून उठून शाळेत हजर होतो. त्याचे अवयव गळत असतात, माणसाचे मांस खाल्ल्याशिवाय त्याचे कुजणे थांबत नाही, तरी शब्द तो शब्द. अशा प्रसंगी नायिकेने ‘तेव्हाची गोष्ट वेगळी होती’ असे म्हणणे हा क्रूरपणा ठरतो, याची तुमच्या पटकथेनेही काळजी घ्यावी.

याहून पुढची पायरी २०१३ सालच्या ‘वॉर्म बॉडीज’ने गाठली. त्या चित्रपटाचे अंदाजपत्रक तुमच्यासारखे नव्हते, पण कल्पना उचलायला भाडे पडत नाही. त्यातला नायक नायिकेच्या प्रियकराला ठार करून त्याचा मेंदू खातो. मेंदू खाण्याची ही चाल १९८५ सालच्या ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ने पाडली, रोमेरोंचे मुडदे नुसते मांसाहारी होते. मेंदूबरोबर प्रियकराच्या आठवणीही नायकाच्या पोटात जातात, त्यामुळे आधीच नजरेत भरलेली ती त्याला आणखीच आवडू लागते. मग तो तिला विमानतळावर उभ्या असलेल्या एका विमानात नेऊन ठेवतो आणि बाहेर धोका आहे असे सांगत काही दिवस जाऊ देत नाही. तिच्या मैत्रिणीच्या हातची थोडी पावडर-लाली लागली की तो चारचौघांत माणूस म्हणून खपतो. शेवटी त्याला गोळी लागते, रक्त येते, आणि ज्याअर्थी रक्त येते त्याअर्थी तो बरा झाला, असे सर्वांना समाधान वाटते. एक खून, एक अपहरण आणि बराच काळ बाळगलेली थाप एवढी सामग्री असूनही प्रेक्षक हातात हात घातलेल्या जोडप्याकडे पाहून डोळे पुसतो. माणसाला माणूस करण्याची जबाबदारी मुलीची असते, हे एकदा पक्के केले की विनोद आणि प्रणय दोन्ही एकाच दरात मिळतात.

मुलगी मेली तर मात्र सगळे गणित उलटे मांडावे. मेलेली मुलगी खोल नसते. ती चिकट, संशयी आणि तोंडाळ असते, आणि तिच्या मरणाने मुलाचीच कुचंबणा झालेली असते. जेफ बायना यांच्या ‘लाइफ आफ्टर बेथ’मध्ये (२०१४) बेथ मरून परत आली हे सुरुवातीला तिला कोणी सांगतच नाही. आई-वडील तिला घरात दडवतात, प्रियकर आधी हरखतो, मग कंटाळतो, आणि अखेरीस ती पाठीवर स्वयंपाकाची शेगडी बांधलेल्या अवस्थेत त्याच्याबरोबर डोंगरावर फिरायला जाते आणि तिथेच त्याच्या गोळीला बळी पडते. स्त्रीच्या पाठीवर शेगडी बांधणे हे प्रतीक आहे की केवळ गंमत, यावर परिसंवाद भरू शकतो. तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलायची तयारी ठेवावी. जो डान्टे यांच्या त्याच वर्षीच्या ‘बेरिंग द एक्स’मध्ये मुलगा सोडचिठ्ठी देण्याच्या विचारात असतानाच मुलगी अपघातात जाते, मरूनही परत येते, आणि तिने कायमची साथ देण्याचा शब्द पाळला म्हणून प्रेक्षकाने तिच्यावर हसायचे असते. प्रॉमचा शब्द पाळणारा मुलगा मात्र निष्ठावान होता. हा भेद पटकथेत कुठेही समजावून सांगत बसू नये. प्रेक्षकाला तो घरूनच पाठ असतो.

प्रेमाने ती बरी झाली तर चालेल का, असे एखाद्या अननुभवी सहलेखिकेने विचारल्यास तिला १९९३ सालचा ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड ३’ दाखवावा. त्यातली जूली भूक आवरण्यासाठी स्वतःच्याच अंगात धातूचे तुकडे खुपसून घेते, आणि शेवटी प्रियकर तिच्याबरोबर भट्टीत शिरतो. आपल्या भुकेची लाज वाटणारी झोंबी या प्रकारात एवढी एकच ठसठशीत सापडते, आणि ती मुलगी आहे, हा निव्वळ योगायोग मानावा. हा चित्रपट विनोदी नाही. त्यामुळे तुमच्या उपयोगाचाही नाही.

राहता राहिली दुसरी मुलगी. २०१४ सालच्या त्या दोन्ही चित्रपटांत मेलेल्या मुलीचा बंदोबस्त होईपर्यंत एक जिवंत, हसतमुख आणि काहीही न मागणारी मुलगी बाजूला तयार ठेवलेली आहे. डान्टे यांच्याकडे तर तिचे स्वतःचे आइस्क्रीमचे दुकानसुद्धा आहे. तिच्याशी करार आधीच करून ठेवावा आणि दर दिवसावर ठरवावा, कारण तिची दृश्ये थोडी असतात. तिला लॅटेक्स लागत नाही, लेन्स लागत नाहीत, संवादही दोन-चार पानांत आटोपतात. दुकानाचा फलक तेवढा रंगवून घ्यावा लागेल.