किती आले ते कळलं, पण राहिले किती?

परदेशी पर्यटकांच्या आकड्यांची बातमी आली की माझी चिडचिड ठरलेली. अमुक देशात यंदा रेकॉर्डब्रेक पर्यटक, गेल्या वर्षीपेक्षा एवढे टक्के जास्त, शेजारी मंत्र्यांचा हसरा फोटो, खाली अभिनंदनाच्या कमेंटी. आणि लगेच पुढच्याच वाक्यात, पर्यटनाचा अर्थव्यवस्थेत दहा टक्के वाटा. ही दोन वाक्यं अशी एकमेकांना चिकटवून टाकतात की वाचणाऱ्याला वाटतं पहिल्यातूनच दुसरं निघालंय. तसं काही नसतं.

आधी मोजतात काय ते बघा. इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट स्कॅन झाला की एक आगमन जमा. माणूस नाही हां, आगमन. एकच माणूस वर्षात चारदा आला तर चार. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींप्रमाणे आपल्या नेहमीच्या वावराच्या बाहेर, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी आणि तिथल्या मालकाकडे नोकरी करायला न आलेला असा कोणीही पाहुण्यांत धरला जातो. म्हणजे मीटिंगला आलेला, ऑपरेशनला आलेला, बहिणीकडे उतरलेला, सगळेच. त्यातला जो किमान एक रात्र काढेल तो पर्यटक आणि जो संध्याकाळी परत फिरेल तो दिवसाचा पाहुणा. नियम अगदी स्पष्ट आहे, पण हेडलाइनमध्ये तो कुठे दिसतो? क्रूझमधून सकाळी दोन-तीन हजार माणसं एकदम उतरतात, नाश्ता बोटीवर करून आलेली असतात आणि रात्रीच्या जेवणाला परत बोटीवर जातात, मधल्या वेळात गल्ल्यांमधून गर्दी करतात, फोटो काढतात, एखादी कॉफी घेतात. मुक्कामाच्या हिशोबात ती कुठेच नसतात, पण एकूण पाहुण्यांचा आकडा मात्र छान फुगवतात. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत ५ युरोंचं प्रवेश शुल्क लावलं ते याच रात्र न काढणाऱ्या मंडळींना.

बरं, सगळीकडे काउंटर असतो असंही नाही. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांमध्ये आपापसातल्या सीमेवर शिक्का मारणारं एरवी कोणी नसतंच. मग जर्मनी, ऑस्ट्रियासारखे देश हॉटेलं आणि लॉजच्या नोंदींवरून मोजतात, म्हणजे मित्राच्या सोफ्यावर झोपलेला माणूस त्यांच्या लेखी आलाच नाही. ऑनलाइन भाड्याने मिळणाऱ्या घरांचंही बरीच वर्षं हेच चाललं होतं, शेवटी २०२० मध्ये युरोस्टॅटने, म्हणजे युरोपियन युनियनच्या आकडेवारी कार्यालयाने, एअरबीएनबी, बुकिंग वगैरे कंपन्यांशी डेटासाठी करार केला. आता भारताचं बघा. २०१९ चे परदेशी पर्यटक १.०९ कोटी. त्यात अनिवासी भारतीय धरले की तेच वर्ष १.७९ कोटींचं होतं. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही खरे. ज्याला जो सोयीचा तो तो वापरतो.

त्यामुळे देशांची क्रमवारी लावणाऱ्या पोस्ट मी हल्ली सरळ स्क्रोल करून टाकते. २०१९ मध्ये फ्रान्सला साधारण ९ कोटी पर्यटक आणि अमेरिकेला ८ कोटींच्या आसपास, पण कमाईत अमेरिका फ्रान्सच्या कितीतरी पुढे. फ्रान्समध्ये शेजारच्या देशांतून गाडी घेऊन आलेले, स्पेन-इटलीला जाताना वाटेत एक रात्र टेकलेले असेही खूप असतात. अमेरिकेला लांबून जाणारा माणूस एवढं तिकीट काढून दोन दिवसांत थोडाच परत येतो!

आता ते दहा टक्के. राष्ट्रीय हिशोबात शेती असते, बांधकाम असतं, वाहतूक असते, पर्यटन नावाचा वेगळा रकानाच नसतो. कारण बाकीचे उद्योग काय बनवतात त्यावरून ठरतात आणि पर्यटन कोण विकत घेतं त्यावरून. एकाच रेस्टॉरंटात एका टेबलावर पाहुणा बसलाय, बाजूच्या टेबलावर त्याच गल्लीत राहणारी बाई बसलीये, दोघांनी तेच मागवलंय, बिलही तेवढंच, पण पर्यटनाच्या खात्यात फक्त पहिलं बिल जायचं. हे वेगळं काढायला एक जोडहिशोब करतात, टूरिझम सॅटेलाइट अकाउंट. हॉटेलच्या धंद्यातला एवढा भाग पाहुण्यांमुळे, टॅक्सीच्या धंद्यातला एवढा, असं उद्योगागणिक सोडवत बसायचं. किचकट काम आहे, वर्षं लागतात.

आणि त्यात देशातल्या देशात फिरणारेही असतात! बहुतेक मोठ्या देशांत पर्यटनावरचा जास्त खर्च घरच्याच लोकांचा असतो. म्हणजे विमानतळावरच्या रेकॉर्डशी त्या टक्क्यांतल्या मोठ्या भागाचा काही संबंधच नाही. शिवाय दहा टक्के हा आकडा बहुतेक वेळा वर्ल्ड ट्रॅव्हल अँड टूरिझम कौन्सिलच्या पद्धतीचा असतो, त्यात हॉटेलला भाजी पुरवणारा येतो आणि हॉटेलच्या वेटरने पगारातून घेतलेला टीव्हीही येतो. २०१९ साठी जगाचा त्यांचा आकडा जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास होता आणि यूएन टूरिझमचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेचा, फक्त थेट वाट्याचा अंदाज होता ४ टक्के. कौन्सिल ही धंद्यातल्याच कंपन्यांची संघटना आहे, ती मोठा आकडा पुढे करणारच, त्यात मला गैर वाटत नाही. पण पत्रकारांनी तरी विचारावं ना, की हे चार का दहा?

परकीय चलनाचंही तसंच. देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशोबात 'प्रवास' या सदरात परदेशी विद्यार्थ्यांची फी आणि राहण्याचा खर्च येतो, अगदी चार वर्षांच्या डिग्रीचासुद्धा, आणि येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट मात्र वेगळ्या सदरात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात ही विद्यार्थ्यांची रक्कम प्रचंड आहे. त्यातून गळती वेगळीच. पॅकेज मायदेशी विकत घेतलं, विमान परक्या कंपनीचं, हॉटेल परक्या साखळीचं, आणि मालदीवसारख्या बेटांवर तर ताटातलं बरंचसं बाहेरूनच आणलेलं. देशात शेवटी राहिलं काय? हा आकडा हेडलाइनमध्ये मी तरी पाहिलेला नाही.

आगमनं मोजूच नका असं नाही म्हणत मी. ताप किती ते थर्मामीटर पटकन सांगतो तसा त्याचा उपयोग आहे. जगात २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी आगमनं होती, २०२० मध्ये ती ४० कोटींच्या आसपास आली, हे तेव्हा महिन्या-महिन्याला कळत होतं म्हणून कोणाला किती फटका बसलाय ते दिसलं. पण त्यावरून धोरण आखू नये. भूतान बघा, ते रात्रीच्या हिशोबाने पैसे घेतात. २०२२ मध्ये माणशी रात्रीचे २०० डॉलर केले, मग पर्यटक वाढावेत म्हणून २०२३ मध्ये १०० वर आणले. पटो न पटो, निदान किती राहिले हा प्रश्न तरी त्यांनी केंद्रस्थानी ठेवलाय.

खरी माहिती मिळते ती सर्व्हेतून. ब्रिटनने १९६१ मध्येच विमानतळ-बंदरांवर प्रवाशांना थांबवून विचारायला सुरुवात केली. स्पेनमध्ये माणसं मोजायला फ्रोंतूर आणि खर्च मोजायला एगातूर असे दोन सर्व्हे आहेत. खर्चाचं विचारायचं तर परत निघालेल्याला गाठावं लागतं, कारण खर्च तेव्हाच पुरा झालेला असतो, आणि नेमका तेव्हाच तो गेट शोधत धावत असतो. पॅकेजवाल्याला तर हॉटेलचे किती, विमानाचे किती हे स्वतःलाच माहीत नसतं. तरी चार माणसं तिथे टॅब घेऊन उभी राहतात, विचारत राहतात. पर्यटनाच्या जाहिरातींवर सरकारं जो पैसा ओततात त्यातला थोडा जरी या माणसांकडे वळवला ना, तर पुढच्या वर्षी मंत्र्यांच्या फोटोला मीही लाइक करेन.