चाकावरची चार बोटं

गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसा आणि टायर नि मडगार्डची कमान यांच्या मधल्या फटीत हात घालून बघा. चार बोटं आडवी सहज जातात ना? आणि तरीही तुम्हाला रात्री झोप लागते? धन्य आहे. ज्यांनी गाडी घडवली त्यांचं म्हणणं, चाकाला वर-खाली व्हायला ती जागा लागते. बिचाऱ्यांनी गाडी नुसती चालवून पाहिली, उभी करून लांबून फोटो काही काढला नाही.

तर फट बुजवायची, म्हणजे गाडी खाली आणायची, हे ठरलं. गाडी रोजची आहे, तिनेच कामावर जायचंय, तिच्यातूनच आईला दवाखान्यात न्यायचंय आणि खिशात जेमतेम पैसे आहेत, हेही ठरलेलंच आहे. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध लावणारे लोक भेटतील. त्यांच्या गाड्यांच्या फटी बघा आणि पुढे चला.

सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणजे जो विकत घ्यावाच लागत नाही तो. मूळची स्प्रिंग उतरवा, ग्राइंडर लावा, एक वेढा उडवा. इथे कोणी शहाणा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला मधे आणेल. या हूकने ‘ताण तसा जोर’ हा स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये छापला, पण अक्षरांची सरमिसळ करून, कोडं घालून. उत्तर सांगितलं १६७८ मध्ये. सस्पेंशनबद्दल, म्हणजे चाकांवर गाडी झेलणाऱ्या स्प्रिंगा-शॉकच्या जुळणीबद्दल, आपल्याला सगळं ठाऊक आहे असं भासवायचं आणि धड काही सांगायचं नाही, ही रीत निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे. मी मात्र सांगून टाकतो. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि तुम्ही एक उडवलात, तर ती २० टक्के कडक होते. दीड उडवलात तर ३३ टक्के. बुटकी मागितली, बुटकी आणि वर कडक मिळाली. फुकटात आणखी काय हवं?

मी दीड उडवला होता. मूळ स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत बसेल असं घडवलेलं असतं. ग्राइंडरमधून निघालेलं टोक वाटीत बसत नाही, टोचतं. गाडी जॅकवर घेतली की चाक लोंबकळतं, बुटकी झालेली स्प्रिंग सैल पडते आणि आपल्या मर्जीने फिरून भलतीकडे तोंड करून बसते. गाडी खाली घेऊन मी पहिलं वळण घेतलं तेव्हा पुढून ‘टण्ण’ असा आवाज आला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अरे, काहीतरी पडलं बघ.” काही पडलं नव्हतं. स्प्रिंग जागेवर आली होती. पुढच्या वळणाला ती पुन्हा आली.

ज्यांना ग्राइंडरसुद्धा महाग वाटतो त्यांनी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून गाडी बसवावी. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, मग गाडी किती खाली आणायची याचा निर्णय तुमच्या डोक्यावर राहत नाही. तो स्प्रिंग रोज थोडा थोडा स्वतःच घेते. कापलेला तुकडा मात्र फेकू नका. घासून, रंग मारून टेबलावर ठेवलात तर पेनं ठेवायला झकास होतो.

इतिहासात याहून सभ्य माणसं होऊन गेली. लॉस एंजेलिसचे लोरायडरवाले डिकीत वाळूची पोती टाकून गाडी बसवायचे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पुढच्याच वर्षी तिथल्याच रॉन अगिरे यांनी गाडीला हायड्रॉलिक पंप जोडले: पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली. तुमच्या वाटेत पोलिसांऐवजी गतिरोधक असेल, तो लांबूनच दिसेल, आणि तुमच्या गाडीला वर जायचं बटण नसेल. वाळूच्या पोत्यांचा मात्र फेरविचार करा. कामावर पोचल्यावर काढून ठेवता येतात. सस्पेंशनमधला एवढा समजूतदार पार्ट दुसरा नाही.

आता जे थोडे पैसे सोडायला तयार आहेत त्यांच्यासाठी: तयार लोअरिंग स्प्रिंगा. बहुतेक गाडी २५ ते ४० मिमी खाली आणतात, टोकं नीट घडवलेली असतात, वाटीत बसतात. इतपत शहाणपण हातून घडलंच, तर त्याचं उट्टं काढायला शॉक जुनेच ठेवा. स्प्रिंग गाडीला उचलून धरते, शॉक तिची उसळी आवरतो. स्प्रिंग कडक झाली की आवरायला जास्त जोर लागतो, शिवाय शॉकचा दांडा आता कायम आणखी आत शिरलेला. पण त्याने लाखभर किलोमीटर इमानाने काढलेत, मुरलेला आहे, सांभाळून घेईल. काही महिन्यांनी तो तेल ओकू लागला की नवे आणा. मग स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग नि शॉकची जोडगोळी, पुन्हा उतरवा, स्प्रिंग पुन्हा दाबा, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, पुन्हा करा. एकाच कामाची मजुरी दोनदा मोजल्याशिवाय मेकॅनिकशी जिव्हाळा तरी कसा जमायचा? स्प्रिंगा नि शॉक एकदमच घेणारे लोक त्याच्या मुलांची नावंसुद्धा सांगू शकत नाहीत.

शॉकच्या दांड्यावर फोमचा एक ठोकळा असतो, बंप स्टॉप. खाली आणलेल्या गाडीला तो आखूड लागतो. तुम्ही अर्थातच आहे तोच ठेवायचा. समजा चाकाला वर जायला ८० मिमी जागा होती आणि त्यातली ४० तुम्ही फोटोसाठी खाल्लीत. खड्ड्याला हे कोणी कळवलेलं नसतं. तो पूर्वीइतकाच खोल. उरलेला हिशेब हा ठोकळा चुकता करतो, तोही सुटून तुकडे होईपर्यंत. अशा कित्येक गाड्या स्प्रिंगवर चालतच नाहीत, सदैव या ठोकळ्यांवर बसलेल्या असतात. मालक त्याला ‘स्पोर्टी फील’ म्हणतात. पाठीचा कणा वेगळं काही म्हणतो, पण त्याला फोटोत कोण बघतंय?

“गाडी खाली आली की वळणावर झुकत नाही,” हे वाक्य पाठ करून ठेवा, चारचौघांत उपयोगी पडतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत, म्हणजे रस्त्यावरच्या बहुसंख्य साध्या गाड्यांत, चाकाला गाडीशी जोडणारी खालची आर्म चाकाकडे किंचित उतरती असते. गाडी फार खाली आणली की ती चाकाकडे चढती होते, आणि ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो रोल सेंटर गाडीच्या वजनापेक्षा वेगाने खाली घसरतो. मधलं अंतर, म्हणजेच गाडीला झुकवणारी तरफ, वाढते. थोडक्यात, स्प्रिंग त्या मानाने कडक नसेल तर एवढा खर्च करून गाडी पहिल्यापेक्षा जास्त झुकू शकते. हे कुणाला सांगू नका. मीही सांगितलेलं नाही.

कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग चढवूनच येणारे, उंची बदलता येणारे शॉक? स्वस्तातले जरूर घ्या. शॉकच्या अंगावर आटे असतात, पाना लावून उंची वर-खाली करायची. पहिल्या रविवारी तुम्ही चारदा कराल, दुसऱ्या रविवारी एकदा. मग पावसाळा येतो, आट्यांत चिखल बसतो, गंज चढतो, आणि कमी-जास्त होणारा शॉक कायमचा एकाच उंचीचा होतो. वर एक खटका फिरवायचा असतो, कडक-मऊ करायला, ३२ टिचक्यांचा. स्वस्त सेटात पहिली आणि बत्तिसावी यांच्यातला फरक कानाला कळतो, बुडाला नाही.

लिंक रॉडची लांबी, टाय रॉडचा कोन, मागे पॅनहार्ड रॉड असेल तर त्याने बाजूला ओढलेला अॅक्सल, हेडलाइटची पातळी, काचेमागचा कॅमेरा: हे सगळं यादीच्या शेवटी लिहा आणि यादी हरवा.

बुशचं मात्र थोडं लक्ष देऊन ऐका, कारण इथे चुकायला एक पैसा लागत नाही. आर्मच्या बोल्टभोवती रबराचा बुश असतो. त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकावर गाडीचा भार असताना, नव्या उंचीला. पण गाडी जॅकवर आहे, चाक लोंबकळतंय, पाना हातात आहे, चहा निवतोय. आवळा तिथेच! गाडी खाली उतरली की रबर पिळ्यातच राहतं, उभ्या गाडीतही, रात्रभर, आणि लवकरच फाटतं. मग तुम्ही म्हणा, हल्ली रबराला पूर्वीसारखा दर्जा राहिला नाही.

आता अलाइनमेंट. कॅम्बर बदलल्याने चाक वरून आत झुकतं, ते दिसतं, म्हणून सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. टायर मुख्यतः खातो तो टो, म्हणजे चाकांची तोंडं जराशी आत किंवा बाहेर वळणं. चाक फक्त एक अंश तिरकं असलं तरी ते किलोमीटरमागे साधारण १७ मीटर आडवं ओढलं जातं. पण अलाइनमेंटचे पैसे वाचवलेत हे विसरू नका. टायर बाहेरून नवाकोरा दिसेल, नक्षी शाबूत, लोकांना कौतुक वाटेल. आतल्या कडेला तारा बाहेर आल्यात हे बघायला गाडीखाली शिरावं लागतं, आणि तुमच्या गाडीखाली आता शिरता येत नाही. जॅकही शिरत नाही. पंक्चर झालं की आधी पाटावर चाक चढवा, मग जॅक सारा. पाट डिकीतच ठेवा, वाळूच्या पोत्यांशेजारी.

एवढं झालं की चार बोटांची दोन झाली. उताराच्या तोंडाशी गाडी तिरकी घालायला शिका, एक चाक आधी, दुसरं मागून, खेकड्यासारखी. मागचे हॉर्न वाजवतील, ते कौतुक समजा. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर घासल्याचा आवाज आला तर खाली उतरून बघू नका. तेलाचा डाग नसला तर उगाच उतरलात, असला तर बघून काय करणार?

आणि एक दिवस गाडी विकायला काढाल. गिऱ्हाईक येईल, लांबून बघेल, “छान बसलीय गाडी” म्हणेल. मग वाकेल, आणखी वाकेल, शेवटी रुमाल पसरून गाल फरशीला लावेल. बराच वेळ तसाच राहील. उठून कपडे झटकत विचारेल, “मूळच्या स्प्रिंगा ठेवल्यात ना?”

घरात या, टेबलावरची पेनं बाजूला काढा आणि तो तुकडा त्याच्या हातात ठेवा.