पक्षी घालवण्याच्या घरगुती युक्त्या

खाडीकाठची जागा हवी आहे आणि नेमके तिथेच पक्षी उतरतात? घाबरू नका. परवा रविवारी पहाटे पाचला उठून, भाचीला घेऊन उरणकडच्या एका पाणथळीवर गेलो आणि ही कला डोळ्यांनी बघून आलो.

आधी आराखडा वाचा. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरच्या स्थलांतरित पक्ष्यांसाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा, २०१८ ते २०२३. ३० देशांवरून जाणारा मार्ग, पाणपक्ष्यांच्या १८२ जाती. वाचून झाला की कपाटात ठेवा.

बंदूक नको. केस होते.

चौकात फ्लेमिंगोचा पुतळा उभारा. तो चिखल मागत नाही.

मिठागरांची काळजी करू नका. भरतीला चिखल बुडाला की पक्षी तिथे विसावतात खरे, पण २०१७च्या पाणथळ नियमांनी मिठासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्यात.

आता मुख्य युक्ती. भरतीचं पाणी बांधातल्या ज्या उघाडीतून, म्हणजे दारातून, आत येतं, तिथे रात्री दोन डंपर डेब्रिज ओता. बस्स! ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे, शंख-शिंपले असतात, त्यावर तर ही पाखरं जगतात. पाणी तुटलं की चिखल वाळतो, भेगा पडतात, आतलं सगळं मरतं. सैबेरियातून आलेला तुतवार चोच खुपसतो कुठे, तर ढेकळात. दोन हिवाळे कळ काढा. मग पक्षी मोजायला माणूस बोलवा आणि लिहून घ्या: ‘सदर जागी पक्षी आढळून आले नाहीत, सबब सदर जागा पाणथळ नाही.’ उघाडी कुणी बुजवली? माहीत नाही. कुणाच्या हद्दीत येते? आमच्या नाही. मग कुणाच्या? तिकडे विचारा. तिकडे विचारलं, तर साहेब साइटवर. कुठली साइट, देव जाणे, कारण या साइटवर तर वॉचमनशिवाय चिटपाखरू नव्हतं! आणि तोही आमच्याच अंगावर आला, ‘फोटो नाय काढायचा, प्रायव्हेट आहे.’ समुद्राचं पाणी प्रायव्हेट?

भाची दुर्बीण गळ्यात अडकवून उभी. “मामा, पक्षी कुठेयत?” काय सांगू तिला?

युक्त्या गेल्या खड्ड्यात. अरे, लाज वाटत नाही का तुम्हाला? आराखड्याची मुदत संपली, पाखरांची भूक नाही संपली. टाकायला एक रात्र पुरली ना? मग उचलायलाही एक जेसीबी आणि एक दिवस पुरेल. येत्या अमावास्येला उधाण आहे. त्याआधी ती उघाडी मोकळी करा.