'उचला आणि न्या' हे वाक्य मी खोडलं आहे

तुम्ही कॅज्युअल्टीत काम करता, म्हणून अपघातातल्या जखमींना मदत करण्याविषयीच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिला आक्षेप असा, की अपघातातल्या जखमीला 'उचला आणि मिळेल त्या गाडीतून न्या' हा माझा सल्ला घातक आहे. दुसरा, 'मी कुणाचं वाईट करत नाही, तेवढं पुरे. मदतीची सक्ती कशाला, वर पोलिसांचा ससेमिरा.'

पहिला निमूट मान्य. मानेला मार लागलेल्या माणसाला दोघांनी खांदे-पाय धरून रिक्षात कोंबलं, तर मज्जारज्जूला जी इजा झाली नव्हती तीही होऊ शकते. हेल्मेट हिसकून काढणं तसंच. आणि पाणी पाजणं! आपल्याकडे कुणी पडलं की आधी तांब्या शोधतात, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी उतरतं. गाडी पेटण्याचा किंवा मागून दुसरं वाहन अंगावर येण्याचा धोका असेल तरच हलवायचं. एरवी १०८ लावायचा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि तिथंच थांबायचं. लेखात आता हेच आहे.

दुसरा मात्र पटला नाही. ससेमिऱ्याची भीती खोटी नव्हती, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही. चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत काही चुकलं तरी खटला नाही. प्रत्येक हवालदाराला हे पाठ असेल असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

सक्तीचं म्हणाल, तर जर्मनीत शक्य असून मदत न करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे ती जबाबदारी अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकावर आहे, बघ्यावर नाही. तसा कायदा इथं यावा असं मलाही वाटत नाही. तो आधी चहाच्या टपरीवाल्यालाच धरेल.

पण गाडी हळू करून काचेतून बघणारा, मोबाइल उंचावून चित्रण करणारा, हाही म्हणतो की मी कुणाचं काय वाईट केलं? मागे अँब्युलन्स अडकलेली असते ती याच्याचमुळे. तुमच्या 'तेवढं पुरे'मध्ये हा माणूस बसतो का, एवढं सांगा. आणि मानेबद्दल मी अजून काही चुकीचं लिहिलं असेल तर तेही.