दादर, कुर्ला आणि सतरा हजारांचं अंडं

आमच्या घरात एका सहकारी बँकेची गेल्या वर्षीची डायरी आहे. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'कुक्कुटपालन खाते' आणि त्याखाली पहिली नोंद : 'पिल्ले ६ नग, रु. १०० (ह्यांचा हट्ट)'. कंस बायकोचा. ती तीस वर्षं बँकेत होती, त्यातली शेवटची बारा हिशेबतपासणीत. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात मी एकटाच उरलो.

खरं तर हट्ट नातवाचा होता. फेब्रुवारीअखेर मुलुंड स्टेशनबाहेर, पूर्वेला, एक माणूस टोपली घेऊन बसला होता आणि टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं चिवचिवत होती. होळी अजून लांब होती, पण यांची खेळून झालेली. नातवाने तिथेच फतकल मारली. मी मनात वेगळाच हिशेब मांडत होतो. वाण्याकडे साधं अंडं आठ रुपये, गावठी वीस. सहा कोंबड्या, आठवड्याला निदान चोवीस अंडी. सहा महिन्यांत मला शेजाऱ्यांना अंडी विकावी लागणार, असं दिसायला लागलं.

"सगळ्या कोंबड्याच आहेत ना?" मी जाणकारासारखं विचारलं.

"सब मुर्गी है, अंकल."

इतक्या निर्मळ चेहऱ्याने थाप मारणारा माणूस मी त्याआधी एकच पाहिला होता. त्याने आमचं लग्न जमवलं.

नातवाला लोकलचं वेड, म्हणून नावं स्टेशनांची. बाकीच्यांना तुडवून आधी खाण्याशी पोचलं ते पिल्लू दादर. मग कुर्ला, घाटकोपर, कांजूर, नाहूर. आणि एक बिचारं कोपऱ्यात उभं राहून सगळ्यांना भर्रकन पुढे जाताना बघत होतं, ते विद्याविहार. तिथे फास्ट थांबत नाही.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने उतरलं की सहा बाय बारा फुटांची मोकळी जागा. मालकी सोसायटीची, वहिवाट आमची, नजर सगळ्यांची. पण पिल्लांना लगेच बाहेर ठेवता येत नाही. पहिला आठवडा त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायचं. मी टीव्हीचा जुना खोका काढला, तळाशी सुताराकडचा भुसा पसरला आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब आणायला गेलो.

"काका, एलईडी घ्या. वीज वाचेल," इलेक्ट्रिकवाला म्हणाला.

"मला वाचवायची नाही. वाया घालवायची आहे."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढचे सात महिने मला ठिकठिकाणी भेटत राहिली. पण मुद्दा बरोबर होता. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तिसऱ्या दुकानात धूळ खात पडलेला एक जुना बल्ब मिळाला.

तापमान मोजायला थर्मामीटर लागत नाही, गर्दी बघायची. सगळी बल्बखाली चेंगरून उभी असली, म्हणजे थंडी वाजतेय. सगळी कडेला सरकून चोची उघड्या टाकून धापा टाकत असली, म्हणजे उकडतंय. डबाभर पसरून निवांत बसली, म्हणजे ठीक. चाळीस वर्षं लोकलने गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी रात्रीतून तीनदा उठून बल्बची दोरी वरखाली करायचो.

पहिल्या आठवड्यातली आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. पिल्लांच्या शेपटीखाली शीट वाळून बूच बसतं, आणि ते वेळेत काढलं नाही तर पिल्लू दगावतं. रात्री अडीच वाजता, चष्मा कपाळावर, डाव्या मुठीत गुलाबी कांजूर, उजव्या हातात कोमट पाण्याचा बोळा, असा मी ओट्याशी उभा असताना बायको पाणी प्यायला आली. तिने काही विचारलं नाही. सकाळी डायरीत नोंद होती : 'कापूस १ बंडल, रु. ४०'. चौथ्या दिवशी नाहूर मात्र गेलं. त्याला बूच नव्हतं, काहीच नव्हतं. सकाळी उठलं नाही, एवढंच.

मग डॉक्टर. मुंबईत जनावरांचा डॉक्टर म्हणजे कुत्र्यामांजरांचा. बाकड्यावर माझ्या एका बाजूला लॅब्रेडोर, दुसऱ्या बाजूला नाक मुरडून बसलेली पर्शियन मांजर, मध्ये मी आणि मांडीवर चपलांचा खोका. मांजरीला खोक्यात फारच रस. डॉक्टर भला माणूस; पाचशे रुपये घेतले, पण राणीखेत हा कोंबड्यांचा रोग समजावून सांगितला. गावाकडे याला मानमोडी म्हणतात, कारण पक्ष्याची मानच पिरगळते. औषध नाही, लस आहे. लासोटा, पहिल्या आठवड्यात, डोळ्यात एक थेंब.

एक थेंब! मी कल्याणच्या एका पशुखाद्याच्या दुकानातून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये लस आणली. सर्वांत लहान बाटली शंभर पिल्लांची. शिवाय एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. आमची पिल्लं पाच.

"उरलेले पंच्याण्णव थेंब कुणाच्या डोळ्यात घालणार आहात?" बायकोने विचारलं. धूळफेक झालेल्या गिऱ्हाईकाचे डोळे समोर होते, पण मी गप्प बसलो.

खुराडं साडेसात हजारांना पडलं. सुताराला मी 'कोंबडीजाळी लाव' म्हणालो, त्याने लावली. नाव कोंबडीजाळी, म्हणजे कोंबडीचं रक्षण करत असेल असं आपल्याला वाटतं. ती फक्त कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला आत यायला तिची काही हरकत नसते. मुंबईतला बाहेरचा म्हणजे घूस, आणि तिला जाळीशीही देणंघेणं नाही, ती खालून येते. सहाव्या आठवड्यात विद्याविहार गेलं. सकाळी कोपऱ्यात बीळ आणि चार पिसं. नातवाला आम्ही सांगितलं की गाडी पुढे गेली. तो म्हणाला, "तिथे थांबलीच नसेल." मग वेल्डमेशची जाड जाळी, खाली विटा आणि सिमेंट. आणखी अडीच हजार.

एव्हाना रंग उडाले होते. गुलाबी-हिरव्याच्या आतून पांढरीशुभ्र पिसं आली, आणि चौघांच्याही डोक्यावर लाल तुरे, दिवसागणिक मोठे. मला कौतुक. पन्नास किलो खाद्याचं पोतं आणायला पुन्हा कल्याणला गेलो, तेव्हा दुकानदाराला फोनवर फोटो दाखवला.

"काका, हे लेयरचे नर आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कोंबडे."

"चारातले कुठले?"

त्याने फोन अगदी हळुवार परत दिला. अंड्यांच्या जातीची पिल्लं उबवली की निम्मे नर निघणार. ते अंडी देत नाहीत, आणि अंगावर मांसही धरत नाहीत. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो, हे सहा महिने खातात आणि बारीकच राहतात. हॅचरीला नकोसे, म्हणून चार-दोन रुपयांना निघतात, कुणीतरी रंगवतो, आणि स्टेशनबाहेर तुमच्यासारखा कुणीतरी येतो. 'तुमच्यासारखा' तो म्हणाला नाही. पण पोतं रिक्षेत ठेवताना स्वतः हात लावला, पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री बायकोने डायरीत एक रेघ मारली. वर एकूण खर्च, खाली अंडी शून्य. "शून्याने भागता येत नाही," ती म्हणाली. "बँकेत अशा खात्याला एनपीए म्हणतात. आणि असं कर्ज मंजूर करणाऱ्याची बदली करतात."

मेच्या मध्यावर पहाटे तीन चाळीसला दादर पहिल्यांदा आरवला. आरवला म्हणजे घसा बसलेल्या माणसाने भोंगा वाजवून बघावा तसा आवाज. मग कुर्ला, मग घाटकोपर, शेवटी कांजूर. रोज हाच क्रम. मला वाटलं हा योगायोग, पण नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्याला उजेडाची गरजच नसते, त्याच्या अंगातच घड्याळ असतं. २०१५ साली त्यांनी पुढचं शोधलं : आधी मानाचा कोंबडा आरवतो, बाकीचे पायरीने मागून. मी हे सेक्रेटरींना सांगितलं. ते सकाळी साडेसहाला बर्म्युडावर माझ्या दारात उभे होते.

"जपानचं जाऊ द्या. इथे बी विंगपर्यंत ऐकू येतंय."

'कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करून सोडून देतो. मी ती उभी जगलो. उपाय साधा सांगतात : मान वर ताणता आली नाही तर कोंबड्याला जोरात आरवता येत नाही. म्हणून रोज रात्री चार डालगी, वर गोधड्या, त्यावर विटा. तीन चाळीसला गोधडीखालून जो आवाज यायचा तो कोंबड्याचा वाटायचाच नाही, कुणीतरी कुणाला तरी दाबून धरलंय असं वाटायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चौथ्या दिवशी हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना हो?" त्यापेक्षा आरवणं परवडलं. मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. प्रसंग काय, असं विचारल्यावर 'असंच' म्हणालो.

जुलैत सूर बदलला. ज्यांच्या तक्रारी होत्या तेच लोक येता-जाता कठड्यावरून वाकून प्रेमाने चौकशी करू लागले. "किलो दीड तरी भरत असेल नाही?" "रस्सा पांढराच चांगला होईल." गटारी दहा दिवसांवर होती. आमच्याकडे रविवारचं मटण चुकत नाही, मी काही माळकरी नाही. पण ज्याच्या बुडाला आपण रात्री अडीचला कोमट पाण्याचा बोळा लावलेला आहे त्याला वाटणात कसं बघायचं?

शेवटी मुरबाडचा मेव्हणा धावून आला. म्हणजे आम्हीच गाडी करून गेलो, अठराशे रुपये. त्याने चार कोंबडे ठेवून घेतले आणि बदल्यात दोन गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिल्या. अदलाबदलीत आली म्हणून एकीचं नाव बदलापूर, दुसरी टिटवाळा. दादरला अंगणात सोडला, तेव्हा त्याने तिथल्या आठ कोंबड्यांकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. पुढे फोनवर मेव्हणा म्हणाला, "दादर एकदम झकास. कुर्लाही. बाकी... पाहुणे आले होते, भाऊजी." मी नेटवर्क गेल्यासारखं केलं.

बदलापूरने पहिलं अंडं घातलं गणेश चतुर्थीला. आरती चालू, मागून कोंबडीचा विजयी कलकलाट. घरात दीड दिवसाचा गणपती, अंड्याला हात कोण लावणार? ते भुशात तसंच बसून राहिलं, जेमतेम लिंबाएवढं, फिकट तपकिरी, एका बाजूला पीस चिकटलेलं. आजवरचा खर्च सतरा हजार पंधरा. एवढं महाग काही घरात असल्याचं बायकोला आधी कळलं असतं, तर तिने लॉकरमध्ये ठेवलं असतं. विसर्जनानंतर नातवाने ते हाफफ्राय करून दोन घासांत संपवलं आणि विचारलं, "अजून आहे?"

कोंबडीला पंचांग कळतं, अशी माझी खात्री झाली आहे. श्रावणात एक अंडं नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी एक, पितृपक्षात मात्र रांगेने. टिटवाळा नुसतीच डब्यात जाऊन बसायची आणि मोकळी उतरायची. बदलापूरने तेरा घातली. तेरानं भागल्यावर अंडं एक हजार तीनशे नऊ रुपयांवर आलं. भाव उतरतोय, असं मी बायकोला म्हणालो. त्याच दिवशी बदलापूर खुडूक झाली.

खुडूक कोंबडी म्हणजे संप. अंडी बंद, खाणं बंद, पिसं फुलवून डब्यात ठिय्या. उठवायला गेलं की टोचते. घट बसले त्याच दिवशी तीही बसली, आणि खाली अंडं नसताना बसली. मी तिच्याखालून विटेचा तुकडा काढून आणला.

आता बायको ओरडणार, असं मला वाटलं. तिने दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी मेव्हणा एसटीने पाठवलेला स्टीलचा डबा घेण्यासाठी मला कल्याणला धाडलं. डब्यात कोंडा, कोंड्यात नऊ अंडी. "ती एकवीस दिवस फुकट बसणारच आहे," ती म्हणाली, "तर कामाला बसू दे. बल्ब नको, दोरी नको, रात्री उठणं नको." आणि डायरीत नवं पान उघडून लिहिलं : 'ऊब : रु. ०'.

सातव्या रात्री तिने स्वयंपाकघरातले दिवे घालवले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मुठीच्या पोकळीवर एकेक अंडं धरून पाहायला लागली. दोन नुसतीच पिवळी दिसली, ती बाजूला गेली. तिसऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका लुकलुकत होता.

"बघा."

मी बघितलं. तिने अंडं परत कापडात ठेवलं, पेनाचं टोपण दातांत धरून काढलं आणि म्हणाली, "सात. अंगणात कोंबडे दादर आणि कुर्लाच, म्हणजे बाप त्यांतलाच. यातले निम्मे पुन्हा तीन चाळीसला उठणार."

आणि पेढ्यांसाठी वेगळा रकाना आखला.