मसाई पठारावर स्पीकर कशाला?

पाऊस जरा उघडला की दर रविवारी तेच! पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर चालायला जावं, तर आधी स्पीकरचा दणदणाट कानावर आदळतो. चंडोल दिसायचा सोडा, ऐकूसुद्धा येत नाही. वर गाड्या थेट सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर घालतात. अरे, खाली जांभा दगड आहे, त्यावर मातीचा जेमतेम थर! त्यातच सीतेची आसवं फुलतात. नखाएवढं जांभळं फूल, आणि खाली ओल्या मातीत बारीक पिशव्या, सूक्ष्म जीव धरून खाणाऱ्या. त्यावरनं टायरचे चर गेलेले बघितले की जीव तळमळतो. बोलायला जावं तर म्हणतात, "काका, गवतच हाय की!" गवत नाही रे ते! गाडी रस्त्याला लावा, स्पीकर घरी ठेवा आणि चाला की जरा.